बदललेला गिअरबॉक्स गाडीला खरोखर जुळतो का? तक्रार ओळखण्यापासून दुरुस्तीपर्यंत

माझ्या मामेभावाच्या पेट्रोल हॅचबॅकचा गिअरबॉक्स पावसाळ्यात निकामी झाला. गॅरेजवाल्याने त्याच मॉडेलच्या अपघातात मोडलेल्या गाडीचा जुना गिअरबॉक्स आणून बसवला. गाडी घेऊन भाऊ पुण्याहून साताऱ्याला गेला आणि संध्याकाळी फोनवर म्हणाला, "दादा, गाडी उलट आधीपेक्षा बरी ओढते. खंबाटकी घाटात चौथ्यावरून तिसरा गिअर टाकावाच लागला नाही." मला तेव्हाच शंका आली. इंजिन तेच, टायर तेच, मग ओढ वाढली कशी? पुढच्या आठवड्यात सपाट महामार्गावर इंजिनाचा आवाज पूर्वीपेक्षा जास्त येतो, पेट्रोल लवकर संपते आणि गाडी उठताना थरथरते, अशा तक्रारी एकामागून एक आल्या. गॅरेजमध्ये उत्तर मिळाले, "साहेब, नवा बसवलाय, रुळायला थोडा वेळ लागणारच."

हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे आणि ते चुकीचे आहे. आधीच पन्नास-साठ हजार किलोमीटर चाललेला गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीत बसल्यावर नव्याने रुळत नाही. त्याच्यातले दाते ज्या प्रमाणात कापलेले आहेत त्याच प्रमाणात राहतात, आणि जो सेन्सर किंवा जी सील जुळत नाही ती हजार किलोमीटरनंतरही जुळत नाही. बोल्टची भोके जुळली आणि गाडी चालली एवढ्यावरून गिअरबॉक्स योग्य आहे असे मानता येत नाही. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल आवृत्तीत, किंवा एकाच आवृत्तीच्या दोन वेगवेगळ्या वर्षांत, बाहेरचे कवच सारखे दिसूनही आतले गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन किती फेरे घेते ते प्रमाण), शाफ्टचे दाते, स्पीड सेन्सर आणि क्लचचे मोजमाप वेगळे असू शकते. म्हणून गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवण्याआधी तपासणी क्रमाने करावी. तिचा मोठा भाग गाडी न उघडता, खडू, टेपमाप आणि मोबाइलच्या साहाय्याने होतो. पुढील विवेचन मुख्यतः पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, हाताने गिअर टाकण्याच्या गाड्यांना धरून केले आहे. स्वयंचलित गिअरबॉक्सविषयी शेवटाकडे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

गाडी चालवावी की उभी ठेवावी?

गिअरबॉक्समधून तेल ठिबकत असेल, गिअर आपोआप निसटत असेल, किंवा चाकाच्या वेगाबरोबर वाढणारी मोठी घरघर येत असेल, तर गाडी तिथेच उभी करावी आणि टोइंग करूनच हलवावी. तेलाविना चाललेला गिअरबॉक्स थोड्याच अंतरात बेअरिंग जाळतो. मग तो चुकीचा होता की तुमच्या हातून बिघडला, हा वाद कधीच मिटत नाही. तक्रार केवळ आर.पी.एम. (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे), स्पीडोमीटर किंवा न लागणाऱ्या रिव्हर्सच्या दिव्याची असेल, तर पुढील चाचण्यांपुरती गाडी जपून चालवायला हरकत नाही.

पहिले काम: गिअरबॉक्सची ओळख पटवणे

गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर सतरा अक्षरांचा चासी क्रमांक असतो. तो अधिकृत विक्रेत्याच्या सुट्या भागांच्या काउंटरवर दाखवला, की त्या गाडीत कारखान्यातून कोणता गिअरबॉक्स बसला होता, त्याचा पार्ट क्रमांक त्यांच्या कॅटलॉगमधून मिळतो. त्याच वेळी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग (क्लच दाबताना प्रेशर प्लेटला ढकलणारे), दोन्ही एक्सल (चाकांना फिरवणारे दांडे) आणि स्पीड सेन्सर यांचेही क्रमांक लिहून घ्यावेत, कारण पुढे प्रत्येकाची गरज पडते.

त्यानंतर बसवलेल्या गिअरबॉक्सवरचा शिक्का वाचावा. येथे एक चूक फार लोक करतात. अॅल्युमिनियमच्या कवचावर उठून आलेली मोठी अक्षरे ही ओतकामाची असतात. तेच कवच तीन-चार वेगवेगळ्या गिअरबॉक्सना वापरलेले असू शकते, त्यामुळे त्या अक्षरांवरून आतले काहीच कळत नाही. गिअरबॉक्सचा खरा प्रकार सांगणारा संकेत मशीनने सपाट केलेल्या एखाद्या छोट्या जागेवर ठोकलेला असतो, किंवा कागदी लेबलवर अथवा धातूच्या पट्टीवर असतो. बहुधा ही जागा बेल हाउसिंगजवळ, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या घंटेसारख्या तोंडाजवळ, तेलकट काजळीखाली दडलेली असते. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने ती पुसून फोटो काढून ठेवावा. शिक्का घासून टाकलेला किंवा लेबल ओरबाडून काढलेले दिसले, तर तो गिअरबॉक्स परत करण्यासाठी मला आणखी कारण लागत नाही.

दुसरे काम: रस्त्यावरची चाचणी

सोबत एक माणूस घ्यावा आणि त्याने लिहीत जावे. सरळ, सपाट, मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये गाडी स्थिर वेगाने चालवायची आणि मोबाइलवरील जीपीएसचा वेग, गाडीच्या स्पीडोमीटरचा वेग व आर.पी.एम. या तिन्ही संख्या एकाच क्षणी टिपायच्या. ६० आणि ८० किलोमीटर अशा दोन वेगांना हे करावे. स्पीडोमीटर जीपीएसपेक्षा थोडा जास्त वेग दाखवतो हे नेहमीचेच आहे. तीन-चार किलोमीटरच्या फरकाने घाबरू नये. पण जीपीएसवर ८० असताना काटा ७० वर असेल, तर स्पीडोमीटरला चुकीची माहिती मिळते आहे असे समजावे.

या नोंदीतून एक महत्त्वाचा भेद करता येतो. ज्या गाड्यांत स्पीडोमीटरला माहिती गिअरबॉक्सवरच्या सेन्सरकडून किंवा छोट्या दातेरी चक्राकडून येते, तिथे गिअरबॉक्स बदलल्यावर काटाही चुकू शकतो, आणि त्याबरोबर किलोमीटरची नोंदही चुकत जाते. ज्या गाड्यांत वेग एबीएसच्या चाकांवरच्या सेन्सरकडून घेतला जातो, तिथे काटा बिनचूक राहतो आणि फक्त आर.पी.एम. बदलतो. माझ्या भावाच्या गाडीत हेच झाले होते. काटा बरोबर असल्यामुळे गॅरेजवाल्याला दोष दिसला नाही, किंवा त्याने पाहिला नाही.

आता हिशेब. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरची उंची अशी निघते: रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर, त्यात टायरच्या दोन बाजूंचे प्रत्येकी १२०.२५ मिलिमीटर मिळवले की ६२१.५ मिलिमीटर. त्याचा परीघ सुमारे १.९५ मीटर. ताशी ८० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,३३३ मीटर, म्हणून चाक मिनिटाला सुमारे ६८३ फेरे घेते. या फेऱ्यांना टॉप गिअरच्या आणि क्राउन-पिनियनच्या, म्हणजे चाकांकडे ओढ देणाऱ्या शेवटच्या दातेरी जोडीच्या, गुणोत्तराने गुणले, की इंजिनाचे फेरे मिळतात. भावाच्या गाडीसाठी कॅटलॉगमध्ये टॉप गिअर ०.७६ आणि क्राउन-पिनियन ३.६५ होते, गुणाकार २.७७, म्हणजे ८० च्या वेगाला सुमारे १,८९५ आर.पी.एम. यायला हवे होते. प्रत्यक्षात काटा २,१०० च्या थोडा वर स्थिर होता. क्राउन-पिनियन ४.१ धरून तोच हिशेब केला, तर उत्तर २,१२८ येते. वजनाखाली टायर किंचित दबतो, त्यामुळे प्रत्यक्ष परीघ या हिशेबापेक्षा दोन-तीन टक्क्यांनी कमी असतो आणि आर.पी.एम. तेवढेच जास्त येतात. मात्र बारा टक्क्यांचा फरक टायर दबल्याने पडत नाही.

घाटातल्या वाढलेल्या ओढीचा उलगडाही येथेच झाला. क्राउन-पिनियनचे गुणोत्तर मोठे झाले, की प्रत्येक गिअर थोडा आखूड होतो. चढावर गाडी हलकी वाटते, पण सपाट रस्त्यावर तेवढ्याच वेगासाठी इंजिनाला जास्त फेरे मारावे लागतात. उलट परिस्थिती अधिक नुकसान करते. गुणोत्तर लहान झाले, तर पहिल्या गिअरमध्ये गाडी उठवताना दर वेळी हाफ क्लच जास्त ठेवावा लागतो, आणि शहरातल्या गर्दीत चालणाऱ्या गाडीची क्लच प्लेट झपाट्याने झिजते. "क्लच दोनदा बदलला, तरी वास येतोच" असे सांगणाऱ्या मालकाला मी आधी विचारतो की गिअरबॉक्स कधी बदलला होता का.

याच फेरीत आवाजांकडेही लक्ष द्यावे. गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल, क्लचवरून पाय काढलेला, अशा वेळी घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर दोष इनपुट शाफ्टच्या, म्हणजे क्लचमधून गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगकडे आहे. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंगचा संशय धरावा. एखाद्याच गिअरमध्ये येणारा आवाज त्या गिअरच्या जोडीचा असतो. सर्व गिअरमध्ये आणि न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळतानाही वेगाबरोबर वाढणारा आवाज डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ओढ वाटून देणाऱ्या भागाचा) किंवा चाकाच्या बेअरिंगचा असतो. हे शेवटचे दोन एकमेकांसारखेच ऐकू येतात. मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे वळवून पाहावे. वजन एका बाजूला जाताच आवाज बदलला, तर तो बहुधा चाकाच्या बेअरिंगचा असतो आणि गिअरबॉक्सचा त्यात दोष नसतो.

तिसरे काम: खडूने गुणोत्तर मोजणे

आर.पी.एम.चा काटा चुकीचा आहे असे कोणी म्हणेल, तर पुढची चाचणी वाद मिटवते. तिला दोन माणसे आणि अर्धा तास लागतो. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत आणि बॅटरीचे ऋण टर्मिनल काढून ठेवावे. पेट्रोल गाडीचे सर्व स्पार्क प्लग काढावेत, डिझेल गाडीचे ग्लो प्लग काढावेत, म्हणजे कॉम्प्रेशन राहत नाही आणि इंजिन हाताने फिरते. पुढचे एकच चाक उचलून गाडी स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकवर सोडलेल्या गाडीजवळ काम करू नये. दुसरे चाक जमिनीवरच राहू द्यावे. टॉप गिअर टाकावा. टायरवर आणि क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीवर खडूची एकेक रेघ मारावी.

आता एकाने उचललेले चाक पुढच्या दिशेने फिरवायचे आणि दुसऱ्याने पुलीचे फेरे मोजायचे. एक चाक जमिनीवर अडलेले असल्यामुळे डिफरन्शियल मोकळ्या चाकाला दुप्पट फेरे देते. म्हणून चाकाचे २० फेरे म्हणजे क्राउनचे १० फेरे. त्या वेळात पुली जितके फेरे घेईल, त्या संख्येला दहाने भागले की त्या गिअरचे एकूण गुणोत्तर मिळते. भावाच्या गाडीत २० फेऱ्यांना पुली ३१ फेरे घेऊन किंचित पुढे गेली. कॅटलॉगप्रमाणे ती पावणेअठ्ठावीसपाशी थांबायला हवी होती. गॅरेजवाला शेजारी उभा राहून स्वतः मोजत होता, आणि त्यानंतर "रुळायला वेळ लागतो" हे वाक्य पुन्हा निघाले नाही.

हीच मोजणी आणखी एक-दोन गिअरमध्ये करावी. खालच्या गिअरमध्ये चाक हाताने फिरवणे जड जाते, तेव्हा पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवावे आणि चाकाचे फेरे मोजावेत. सर्व गिअरमध्ये फरक सारख्याच टक्क्यांचा येत असेल, तर फक्त क्राउन-पिनियन वेगळे आहे. एका गिअरमध्ये फरक नाही आणि दुसऱ्यात आहे असे दिसले, तर आतला संपूर्ण गिअर संच दुसऱ्या आवृत्तीचा आहे, किंवा कोणीतरी दोन गिअरबॉक्सचे भाग जोडून एक तयार केला आहे.

चौथे काम: गाडीखालची पाहणी

गाडी लिफ्टवर घेतली की सर्वप्रथम एक्सल पाहावेत. एक्सलचे आतले टोक डिफरन्शियलमध्ये शिरते, तिथे दात्यांची संख्या, जाडी आणि लांबी अशा तीन गोष्टी जुळाव्या लागतात. दात्यांची संख्या जुळली नाही, तर एक्सल मुळात आत जातच नाही. त्यामुळे फसवणूक बहुधा उरलेल्या दोन गोष्टींत होते. एक्सल आखूड पडला, तर खड्ड्यात चाक खाली गेल्यावर किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आतला जॉइंट बाहेर ओढला जातो आणि तेल सांडते. लांब पडला, तर उसळीबरोबर जॉइंट आत आपटून ठोका बसतो. एक्सल बसताना टोकावरची सर्किलप (लवचीक तारेची कडी) आतल्या खाचेत 'टक्' आवाज करून अडकली पाहिजे. तपासण्यासाठी आतला जॉइंट दोन्ही हातांनी धरून बाहेर ओढून पाहावा. तो सरकत असेल, तर सर्किलप अडकलेली नाही. एक्सलची ऑइल सील ज्या भागावर टेकते त्याची जाडी एखाद्या मिलिमीटरने जरी कमी असली, तरी नवी सील गळत राहते, आणि मिस्त्री सीलच बदलत बसतो.

गळती दिसली म्हणजे दोष सीलचाच असतो असे मात्र नाही. गिअरबॉक्सच्या माथ्यावर हवा बाहेर जाण्यासाठी ब्रीदरची छोटी नळी असते. भंगारात महिनोन्महिने पडलेल्या गिअरबॉक्सवर ती चिखलाने बुजलेली असते, किंवा वाहतुकीसाठी लावलेले टोपण तसेच राहून गेलेले असते. तेल तापले की आत दाब वाढतो आणि चांगली सीलही तेल सोडू लागते. दोन मिनिटांत साफ होणाऱ्या या नळीपायी गिअरबॉक्स खाली उतरवलेले मी पाहिले आहेत.

फाउंडेशन, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सची रबरी माउंटिंगे, पाहताना बोल्ट तिरके तर गेले नाहीत ना, हे बघावे. गिअरबॉक्सवरचे ब्रॅकेट दुसऱ्या आवृत्तीचे असेल, तर गॅरेजवाले भोक ओरबाडून मोठे करतात किंवा मध्ये दोन-तीन वायसर घालून अंतर भरतात. मग इंजिन-गिअरबॉक्सचा संपूर्ण सांगाडा थोडा वाकडा राहतो, एक्सल कोनात फिरतात, गाडी उठताना थरथरते आणि गिअर केबल ओढलेल्या राहिल्याने गिअर निसटतो. पुढे बेल हाउसिंग आणि इंजिन यांच्या जोडावर नजर फिरवावी. तिथे चारी बाजूंनी फट नसावी. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत ठेवण्याचे काम बोल्ट करत नाहीत, तर डावेल पिन नावाच्या दोन पोकळ नळ्या करतात. जुना गिअरबॉक्स काढताना त्या त्याच्याबरोबर निघून गेल्या आणि नव्यासोबत आल्याच नाहीत, असे वारंवार घडते. डावेलशिवाय गाडी चालते, परंतु इनपुट शाफ्ट क्लचच्या मध्यापासून किंचित सरकलेला राहतो. त्यातून आधी थरथर, मग प्लेटचा मधला भाग सैल होणे आणि शेवटी बेअरिंगचा आवाज अशी साखळी सुरू होते.

पाचवे काम: तेल

तेल काढण्याआधी भरण्याचे बूच उघडून पाहावे, कारण खालचे बूच काढून तेल सांडून दिल्यावर वरचे बूच जाम निघाले, तर गाडी तिथेच अडकते. काढलेले तेल पांढऱ्या भांड्यात घ्यावे आणि उन्हात धरावे. चुंबकी बुचाला चिकटलेला करडा, मऊ लगदा थोडाफार असणे नेहमीचेच आहे. त्या लगद्यात नखाला टोचणारे कण लागले, तर ते दात्यांचे किंवा बेअरिंगचे तुकडे आहेत. तेलात सोनेरी चकाकी तरंगत असेल, तर ती पितळेची आहे; पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून बूच स्वच्छ असूनही तेल चमकते. ही पितळ सिंक्रोनायझर रिंगची, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवून देणाऱ्या कडीची असते, आणि गिअर टाकताना येणाऱ्या खरखरीचे कारण तिथे सापडते.

तेलाची श्रेणीही तपासावी. पितळी सिंक्रोनायझर असलेल्या अनेक गिअरबॉक्सना जीएल-४ दर्जाचे ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९० तेल सांगितलेले असते. "जास्त आकडा, जास्त चांगले" या समजुतीने त्यात जीएल-५ ओतले जाते. जीएल-५ मधील दाबरोधक रसायने डिफरन्शियलच्या दात्यांसाठी उत्तम असली, तरी सिंक्रोनायझरला जी पकड लागते ती त्या तेलात कमी पडते, आणि त्यांतली काही तेले पितळ खातातही. गिअर उशिरा पडण्याची तक्रार केवळ तेल बदलून गेल्याची उदाहरणे आहेत, म्हणून हा स्वस्त उपाय आधी करावा. तेलाचे प्रमाण बसवलेल्या गिअरबॉक्सच्या संकेताप्रमाणे घ्यावे. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये पाचव्या गिअरची जोडी टोकाच्या वेगळ्या कप्प्यात असते, आणि तेल थोडे कमी पडले की आधी तीच कोरडी पडते.

सहावे काम: क्लच आणि गिअर केबल

गिअर पडत नसेल, तर इंजिन बंद करून सर्व गिअर टाकून पाहावेत. बंद इंजिनावरही ते जड जात असतील, तर दोष केबल, लिंकेज किंवा गिअरबॉक्सच्या आत आहे. बंद असताना सहज पडतात आणि इंजिन चालू केल्यावर अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही असा अर्थ होतो. खात्रीसाठी इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबावा, मनात पाच अंक मोजावेत आणि सावकाश रिव्हर्स टाकावा. पुष्कळ गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो, त्यामुळे इनपुट शाफ्ट जरासा जरी फिरत असेल, तरी खरखर ऐकू येते. हायड्रॉलिक क्लच असेल, तर आधी त्याच्या द्रवाच्या नळीतली हवा काढावी आणि मगच पुढचा निष्कर्ष काढावा.

हवा काढूनही क्लच सुटत नसेल, तर मोजमाप जुळत नाही. इनपुट शाफ्टची लांबी, त्यावरच्या दात्यांची संख्या, रिलीज बेअरिंगची उंची आणि प्रेशर प्लेटच्या बोटांची उंची या चार गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत. डिझेल आवृत्तीचा गिअरबॉक्स आला, की मिस्त्री पुष्कळदा त्याच्याबरोबर आलेली क्लच प्लेटच पेट्रोल इंजिनाच्या फ्लायव्हीलवर (क्लच जिच्यावर टेकतो त्या जड चकतीवर) लावतो. साध्या, एकसंध फ्लायव्हीलला मध्ये स्प्रिंगा असलेली प्लेट लागते. दुहेरी फ्लायव्हीलच्या स्प्रिंगा त्याच्या स्वतःच्या पोटात असतात, म्हणून त्याच्यासोबत बहुधा बिनस्प्रिंगची प्लेट येते. ती साध्या फ्लायव्हीलवर बसली, की न्यूट्रलमध्ये खडखड आणि उठताना हिसके सुरू होतात. शिवाय गिअरबॉक्स चढवताना तो हातातून निसटून क्षणभर जरी इनपुट शाफ्टवर लटकला, तरी प्लेट वाकते आणि कोणतीही हवा काढली तरी क्लच सुटत नाही.

सातवे काम: विजेची जोडणी

रिव्हर्सचा दिवा, न्यूट्रल स्विच आणि स्पीड सेन्सर यांचे कनेक्टर नीट बसले आहेत का, की तारा कापून पिळून जोडल्या आहेत, हे पाहावे. पिळून टेप लावलेली जोडणी दिसली, तर मूळ सेन्सर बसत नव्हता असा अर्थ घ्यावा. स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र) लावल्यावर पी०५०० हा कोड वेगाच्या सेन्सरविषयी असतो. वेग आणि आर.पी.एम. यांचा मेळ बसत नसेल, तर काही गाड्यांत अॅक्सिलरेटर सोडताना धक्के बसतात किंवा गिअर बदलण्याची सूचना चुकीच्या वेळी येते. ज्या गाड्यांत स्टार्टर बेल हाउसिंगवर बसतो, त्यांत स्टार्टरचे चक्र आणि फ्लायव्हीलची रिंग यांचे अंतर बदलले, तर गाडी सुरू करताना कर्कश आवाज येतो. तो ऐकल्यावर पुन्हा पुन्हा चावी फिरवू नये. रिंगचे दाते उडतात आणि खर्च वाढतो.

काय जुळवून घेता येते आणि काय नाही

रिव्हर्स स्विच, सेन्सर, माउंटिंगचे ब्रॅकेट, केबलचे टोक, रिलीज बेअरिंग, क्लच प्लेट आणि एक्सल हे भाग तुमच्या मूळ गिअरबॉक्सवरून किंवा योग्य पार्ट क्रमांकाने आणून बदलता येतात. तेवढ्याने तक्रार मिटणार असेल, तर गिअरबॉक्स ठेवावा. क्राउन-पिनियन वेगळे असेल, तर मूळ गिअरबॉक्समधील संच बदलून टाकणे तत्त्वतः शक्य आहे, पण पिनियनचे दाते बहुधा आउटपुट शाफ्टवरच कापलेले असतात. म्हणजे संपूर्ण गिअरबॉक्स उघडून शिम (अंतर भरणाऱ्या पातळ चकत्या) आणि बेअरिंगचा दाब पुन्हा मोजावा लागतो. हे काम चांगल्या हातानेच करावे, आणि मजुरी धरली तर योग्य गिअरबॉक्स आणणे पुष्कळदा स्वस्त पडते. इनपुट शाफ्टची लांबी किंवा बेल हाउसिंगची खोली वेगळी असेल, तर तो गिअरबॉक्स परत द्यावा; वायसर घालून किंवा शाफ्ट घासून केलेला जुगाड रस्त्यावर सोडून देतो. चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणाऱ्या (फोर-व्हील ड्राइव्ह) गाडीत तर पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर एकमेकांशी जुळलेच पाहिजे. तिथे तडजोडीला जागा नाही.

स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये हे सर्व अधिक कडक होते. बसवताना टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ओढ पोचवणारा भाग) तेलपंपाच्या खाचेत पूर्ण आत बसला पाहिजे. बेल हाउसिंग हाताने इंजिनाला पूर्ण टेकले पाहिजे, आणि टेकल्यानंतरही कन्व्हर्टर मोकळा फिरून त्याच्या व फ्लेक्स प्लेटच्या (इंजिनाकडच्या पातळ चकतीच्या) मध्ये काही मिलिमीटरची फट राहिली पाहिजे. ती फट नसताना बोल्ट आवळून हाउसिंग ओढून घेतले, तर तेलपंप फुटतो आणि इंजिन सुरू होताच गिअरबॉक्स जातो. पी०७३० हा कोड गिअरचे गुणोत्तर अपेक्षेप्रमाणे नाही असे सांगतो, तर पी०७१५ आणि पी०७२० हे इनपुट व आउटपुटच्या वेगाचे सेन्सर दाखवतात. आतले क्लच घसरत असले तरी पी०७३० येतो, म्हणून केवळ त्या कोडवरून गिअरबॉक्स चुकीचा ठरवू नये. स्वयंचलित, सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारा) आणि दुहेरी क्लच या तिघांची तेले वेगवेगळी आहेत आणि ती एकमेकांऐवजी चालत नाहीत. २०१४ पासून आपल्याकडे छोट्या गाड्यांतही एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप हलवणारी यंत्रणा आली. तिच्यात यांत्रिक भाग नेहमीचा असला, तरी गिअरबॉक्स बदलल्यावर क्लच कुठे पकडतो हे स्कॅनरने पुन्हा शिकवावे लागते. तो टप्पा गाळला, तर चढावर गाडी मागे सरकते आणि मालक गिअरबॉक्सला दोष देतो.

परत करताना आणि नवा आणताना

कुर्ल्याचा सीएसटी रोड असो किंवा दिल्लीचे मायापुरी, जुना गिअरबॉक्स आणताना पक्के बिल घ्यावे, आणि त्यावर गिअरबॉक्सचा संकेत, तुमच्या गाडीचा चासी क्रमांक व "या गाडीसाठी" असे शब्द लिहून घ्यावेत. हे शब्द असतील, तर पुढचे बोलणे सोपे होते. गॅरेजशी आधी शांतपणे, मोजणीची नोंद आणि फोटो समोर ठेवून बोलावे. माझ्या अनुभवात खडूच्या चाचणीनंतर बहुतेक जण बदलून द्यायला तयार होतात. नाहीच झाले, तर लेखी मागणी करावी आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. तोवर चुकीचा गिअरबॉक्स भंगारात देऊ नये, तोच तुमचा पुरावा आहे.

योग्य गिअरबॉक्स आला, की चढवण्याआधी गाडीचा मूळ आणि नवा फरशीवर शेजारी ठेवावा. इनपुट शाफ्टचे दाते मोजावेत, बेल हाउसिंगच्या कडेपासून शाफ्टच्या टोकापर्यंतचे अंतर पट्टी आडवी ठेवून मोजावे, क्लच प्लेट शाफ्टवर हाताने सरकवून पाहावी; ती न अडकता सरकली पाहिजे आणि दात्यांत डुगडुगता कामा नये. दोन्ही एक्सलची आतली टोके गिअरबॉक्स खाली असतानाच घालून पाहावीत. एक्सलच्या सील, इनपुट शाफ्टची सील आणि रिलीज बेअरिंग नवीन घालावे, कारण या कामाची खरी किंमत भागांत नसून चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीत आहे. दोन्ही डावेल पिन जागेवर आहेत हे बोटाने चाचपून मगच हाउसिंग टेकवावे.

भावाच्या गाडीत दुसरा गिअरबॉक्स बसायला सोळा दिवस लागले. या वेळी संकेत कॅटलॉगशी जुळला होता, तरीही आम्ही स्पार्क प्लग काढून डावे चाक उचलले आणि टायरवर नव्याने रेघ मारली. चाकाचे वीस फेरे पूर्ण झाले, तेव्हा पुलीवरची रेघ सत्तावीस फेरे ओलांडून पाऊण फेऱ्याशी थांबली. गॅरेजवाल्याने ती संख्या आणि गिअरबॉक्सचा संकेत स्वतःच्या हाताने गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात लिहिला, आणि पाचशे किलोमीटरनंतर तेल काढून पाहायला गाडी घेऊन या, असे भावाला सांगितले.